चार फुटी पंचिंग बॅग: दुरानच्या मापाने पाहिली तर

मेरठच्या बनावटीची काळ्या रेक्झिनची चार फुटी पंचिंग बॅग दोन प्रकारे मिळते: रिकामी आणि भरलेली. साठ किलोच्या आसपासच्या, वजनाच्या मानाने जोरात मारणाऱ्या बॉक्सरसाठी ती घ्यावी का? घ्यावी, पण रिकामी. भरलेली घेतली तर ज्या कामासाठी आणली तेच काम तिच्यावर नीट होत नाही.

हे काम कोणतं ते रॉबर्टो दुरानकडे पाहिल्यावर कळतं. पनामाच्या या बॉक्सरचं नाव निघालं की नोव्हेंबर 1980 मध्ये न्यू ऑर्लिन्सला अमेरिकेच्या शुगर रे लेनर्डसमोर त्याने आठव्या फेरीत लढत सोडली, तेवढंच लोक काढतात. आमच्या मते त्याचा हिशेब लाइटवेट या वजनगटात, म्हणजे 135 पौंडांत (61.2 किलो) मांडायला हवा. जून 1972 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये स्कॉटलंडच्या केन बुकॅननकडून त्याने लाइटवेटचा किताब घेतला आणि 1979 मध्ये स्वतःहून सोडेपर्यंत 12 वेळा राखला. त्यातल्या 11 लढती नॉकआउटने संपल्या. बुकॅननच्या लढतीचा शेवट मात्र डागाळलेला आहे. तेराव्या फेरीच्या अखेरीचा तो ठोसा कमरेखाली बसला होता आणि बुकॅननला फेरलढत कधीच मिळाली नाही. दुरानचं मोठेपण मान्य करताना एवढं वजा करायलाच हवं.

नॉकआउट किती, यापेक्षा ते कोणत्या फेरीत झाले हे जास्त बोलकं आहे. पोर्तो रिकोच्या एस्तेबान दे हेसूसने 1972 आणि 1974, दोन्ही वेळी पहिल्याच फेरीत दुरानला खाली पाडलं होतं. पहिली लढत दुरान गुणांवर हरला, पण तिथे किताब पणाला नव्हता. दुसरी त्याने अकराव्या फेरीत संपवली आणि 1978 ची तिसरी बाराव्या फेरीत. त्याचं टोपणनाव ‘दगडी हातांचा’, पण समोरचा एका ठोशात आडवा व्हावा यावर तो विसंबत नव्हता. खांद्याला खांदा लावून आत शिरायचं, बरगड्यांवर आणि पोटावर फेरीमागून फेरी मारायचं, समोरच्याचे पाय जड झाले की मग हनुवटी. पुढे 1989 मध्ये, वयाच्या 37व्या वर्षी, 160 पौंडांच्या इरान बार्कलीला त्याने हरवलं ते याच जवळच्या लढाईवर. खानदेशात बॉक्सिंगकडे येणारी पोरं तालमीतून आलेली असली तर डोकं लावून आत घुसायला ती बिचकत नाहीत. त्यांनी दुरानच्या लाइटवेटच्या लढती जरूर पाहाव्यात.

आता बॅगेचं माप. साडेपाच फुटांच्या बॉक्सरसाठी बॅगेचं वरचं टोक जमिनीपासून सहा फुटांवर येईल अशी टांगा. चार फुटी बॅगेचं बूड मग दोन फुटांवर येतं. यकृतावरचा डावा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, साधारण साडेतीन फुटांवर बसतो, म्हणजे बुडापासून दीड फूट वर. तिथे मागे पुरेसं वजन असतं, ठोसा पूर्ण आत जातो. तीन फुटी बॅगेत हीच जागा बुडापासून जेमतेम सहा इंचांवर येते. बॅग उडते, मनगट वाकतं आणि पोरगं हळूहळू फक्त डोक्याच्या उंचीवर मारायला लागतं. तीन फुटी स्वस्त पडते म्हणून ती घेणं आम्हाला पटत नाही.

भरलेली बॅग नको ते याच दीड फुटामुळे. त्यात चिंध्या कशाही कोंबलेल्या असतात. ठोशांनी त्या खाली बसतात, वरचा भाग पोकळ होतो आणि खालचा तिसरा हिस्सा टणक. हुक नेमका तिथे बसतो. करंगळीमागचं हाड आणि मनगट आधी बोलायला लागतं.

रिकामी बॅग 14 इंच व्यासाची असेल तर 30 ते 32 किलो माल बसतो. साठ किलोच्या माणसाला अर्ध्या वजनाची बॅग बरोबर. शिंप्यांकडची कात्रणं, जुन्या चादरी, टी-शर्ट चालतात. चेन, बटणं, हुक सगळं कापून काढा आणि तळहाताएवढे तुकडे करा. आतून भिंतीला जुनी गोधडी किंवा एक इंची फोम गोल लावून घ्या. मग सहा-सहा इंचांचे आठ थर, सरासरी चार किलोचा एक. खालचे दोन थर साडेतीन किलोवर थांबवा आणि हातानेच दाबा, मुसळ लावू नका, कारण वरचं वजन त्यांना पुढे दाबणारच आहे. तिसऱ्या थरापासून मुसळाने ठेचा, कडेला आधी आणि मध्ये नंतर. उलट केलं तर भिंतीजवळ पोकळी राहून रेक्झिनला सुरकुत्या पडतात आणि तिथेच ते फाटतं.

घरात कापूस आहे म्हणून तोच भरायचा मोह आपल्याकडे होतो. करू नका. रुई दाबली जाऊन तिचे गोळे होतात, पावसाळ्यात ओल धरते, वास मारते. सरकीसकट भरली तर उंदरांना आमंत्रणच. वाळूही नको. ती झिरपून तळाशी जाते आणि बूड दगड होतं.

महिनाभरात माल तीन-चार इंच खाली बसेल. वरची चेन उघडून दोन-तीन किलो घाला. सहा महिन्यांनी सगळं बाहेर काढून पुन्हा थर लावा. काम कंटाळवाणं आहे, पण टाळलं की रिकामी बॅग घेतल्याचा फायदा संपला.

बॅगेचा खरा दोष तिच्या पट्ट्यांत आहे. चारही पट्टे रेक्झिनलाच शिवलेले असतात, शिलाई एकेरी, आत आधाराचा तुकडा नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये रेक्झिन वाळून कडक होतं. चीर पहिली पडते ती शिलाईच्या भोकांतून. माल भरण्याआधीच ताडपत्री शिवणाऱ्याकडून आत जाड कॅनव्हासचा पट्टा टाकून नायलॉन दोऱ्याने दुहेरी शिलाई मारून घ्या. बॅग उन्हाच्या तिरिपेत टांगू नका. घाम ओल्या फडक्याने पुसा आणि मग कोरड्या. तेल मुळीच लावू नका.

सोबत येणारा एस-हुक फेकून द्या. झोक्याने तो उघडतो. डी-शॅकल (पिनेने बंद होणारी लोखंडी कडी) आणि स्विव्हल (गोल फिरणारा जोड) लावा, दोन्ही किमान 150 किलो पेलणारे, कारण झुलणाऱ्या बॅगेचा झटका तिच्या वजनाच्या कितीतरी पट जातो. शेडच्या पत्र्याखालच्या पातळ पाइपला टांगणं धोक्याचं. गर्डर नसेल तर वेल्डरकडून दोन भिंतींवर टेकणारी आडवी बीम बसवून घ्या.

हातात 14 औंसांचे ग्लोव्हज आणि आत हाताला गुंडाळायची साडेचार मीटरची कापडी पट्टी, तीन वेढे मनगटाला. स्पर्धेचे 10 औंसी ग्लोव्हज या बॅगेवर वापरू नका.

75 किलोच्या वरच्या बॉक्सरला ही बॅग हलकी पडते, त्याने सहा फुटी बघावी. 45 किलोच्या आतल्या मुलामुलींसाठी मात्र हीच घ्या. भिंतीला फोमचे दोन थर लावा, माल 20-22 किलोवर थांबवा आणि टांगताना अर्धा फूट खाली घ्या.