भोपाळला सेल्फ ड्राइव्ह गाडी बुक करताय? आमचं काय झालं ते आधी वाचा

दिवाळीनंतर नाशिकहून भोपाळकडे जाणारे आजकाल बरेच झालेत म्हणून हे लिहितोय. ट्रेनने भोपाळ गाठायचं, तिथे सेल्फ ड्राइव्ह गाडी घ्यायची आणि दोन-तीन दिवसांत सांची, भीमबेटका, भोजपूर उरकून परत यायचं असा प्लॅन असेल तर गाडीचं बुकिंग करायच्या आधी हे पूर्ण वाचा. आमचे १९,४९८ रुपये गेले आणि गाडीचं तोंड पण बघायला मिळालं नाही. पैशांपेक्षा मोठा ताप म्हणजे त्यांच्याकडे आमचं आधार आणि लायसन्स आहे, ते पुढे सांगतो.

आपली गाडी का नाही नेली असं सगळे विचारतात. नाशिक ते भोपाळ म्हणजे धुळे, सेंधवा, इंदूर, देवास, सिहोर करत साडेपाचशेच्या वर किलोमीटर होतात, जाण्यात एक आख्खा दिवस आणि येण्यात एक, आणि सोबत सासूबाई, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यापेक्षा पंजाब मेल बरी, रात्री नाशिकरोडला बसलं की सकाळी भोपाळ. तिथे मात्र गाडी लागतेच कारण बघण्यासारखं सगळं शहराच्या बाहेर आणि चारी दिशांना पसरलेलं आहे. भीमबेटका, म्हणजे आदिमानवाच्या चित्रांच्या गुहा, दक्षिणेला ओबेदुल्लागंजच्या पुढे ४५ किलोमीटर, भोजपूर त्याच बाजूला पण आतल्या रस्त्याने, सांची एकदम उलट दिशेला विदिशा रोडवर पन्नासेक किलोमीटर, आणि सांचीला गेलात की उदयगिरीच्या गुंफा दहा-पंधरा किलोमीटरवर, मग त्या का सोडायच्या.

तर मेहुण्याने आणि मी मिळून गाड्या शोधायला सुरुवात केली. सर्चमध्ये सगळ्यात वर जी येते ना, 'प्रायोजित' लिहिलेली, तिच्यावरून व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. लोगो, बिझनेस अकाउंट, एमपी नगर झोन २ चा पत्ता, स्वच्छ पांढऱ्या हॅचबॅकचे फोटो, दिवसाला १,४०० रुपये, किलोमीटर अनलिमिटेड. रेट स्वस्त होता पण एवढाही नाही की संशय यावा. पलीकडचा माणूस हिंदीत बोलायचा, प्रत्येक वाक्यात सर जी.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण या माणसाने आम्हाला गाडी विकलीच नाही, त्याने आम्हाला ट्रिप विकली. पैशाचा विषय त्याने पहिल्या फोनवर काढलाच नाही. कधी येताय, किती जण आहात, बुजुर्ग कोण आहे, हे विचारलं. आम्ही शुक्रवारी सकाळी पोचणार म्हटल्यावर म्हणाला, "सर जी, सांची का म्यूज़ियम शुक्रवार को बंद रहता है, आप शनिवार को सांची रखिए, शुक्रवार को भोजपुर-भीमबेटका कर लीजिए." मी चेक केलं, खरंच बंद असतं. मग म्हणाला मानव संग्रहालय सोमवारी बंद, ते रविवारी करा. तेही खरं. भोजपूरला देवळाच्या मागच्या खडकांवर कोरलेले बांधकामाचे नकाशे बघायला विसरू नका, लोक नुसतं साडेसात फुटी शिवलिंग बघून परत येतात, हे पण त्यानेच सांगितलं, आणि आमच्या सासूबाई, ज्या बाकी सगळ्यांवर संशय घेतात, त्या म्हणाल्या मुलगा चांगला दिसतोय. ही सगळी माहिती कुणालाही पाच मिनिटांत मिळते. पण जो माणूस आपल्या म्हाताऱ्या माणसाचा विचार करून आपला दिवस आखून देतो त्याच्याकडे पुरावा मागायला जीभ उचलत नाही, आणि हे त्याला आपल्यापेक्षा जास्त चांगलं माहीत असतं. पैसे टाकलेच कशाला असं विचारणाऱ्यांनी हे एकदा स्वतःवर घालून बघा.

फक्त एक प्रश्न असा होता की ज्याचं उत्तर त्याला देता आलं नाही, आणि तो मेहुण्याने सहज विचारला होता. गाडी कुठे उभी करणार, प्लॅटफॉर्म एकच्या बाजूला की सहाच्या? भोपाळ स्टेशनला दोन्हीकडून बाहेर पडता येतं आणि दोन बाजूंना जायला वळसा पडतो, तिथला कुठलाही गाडीवाला आधी हेच विचारेल. हा म्हणाला, "स्टेशन के सामने सर जी, लोकेशन भेज देंगे." तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग पैसे. बुकिंगचे १,५००, आणि रिफंडेबल डिपॉझिट ८,०००, गाडी परत केली की अर्ध्या तासात वापस. यूपीआयवर नाव आलं ते एका बाईचं. विचारलं तर म्हणे अकाउंटंट मॅडमचं खातं, कंपनीच्या खात्यावर लिमिट संपलंय. पाठोपाठ पीडीएफ आलं, तीन पानांचं अ‍ॅग्रीमेंट, शिक्का, जीएसटी नंबरसकट बिल. त्यासाठीच आधारची दोन्ही बाजूंची कॉपी आणि लायसन्स पाठवायला लावलं होतं, आता सेल्फ ड्राइव्हला लायसन्स मागतातच त्यामुळे त्यात कुणालाच काही वाटत नाही.

ट्रेनने इटारसी सोडलं आणि ह्याचा फोन. गाडी निघालीय, पण जीपीएस अ‍ॅक्टिवेट केल्याशिवाय इंजिन चालूच होत नाही, ४,९९९ टाका, अ‍ॅक्टिवेट झालं की ऑटोमॅटिक परत येतात. टायमिंग बघा. पुढे नर्मदेचा पूल, मग बुधनीचा घाट, नेटवर्क येतंय-जातंय, सासूबाई बॅग आवरा म्हणतायत, पोरगी उठून रडतेय, आणि तासा-दीड तासात आपण स्टेशनवर उतरणार आणि गाडी हवीच. टाकले. मिनिटभरात मेसेज, की पेमेंटच्या नोटमध्ये बुकिंग आयडी टाकला नाही म्हणून सिस्टीममध्ये अडकलं, आता तेवढेच परत टाका म्हणजे दोन्ही एकत्र ९,९९८ रिफंड होतील. ते बायकोच्या फोनवरून गेले. नंतर म्हणे रिफंड लिंक करायला ९,९९८ ची एंट्री मारा, तेव्हा बायको म्हणाली अहो आता बास, आधी गाडी दाखवा म्हणावं. तिथून पुढे "ड्राइवर पाँच मिनट में पहुँच रहा है" हे ऐकत आम्ही स्टेशनबाहेर बसलो, लोकेशन काही आलं नाही, आणि थोड्या वेळाने त्याचा डीपी गायब. ब्लॉक.

यूपीआयमध्ये पैसे यायला पिन लागत नाही, रक्कम पण टाकावी लागत नाही, हे सगळ्यांना माहिती असतं, मलाही होतं. पण त्यांनी ते "पैसे येणार" असं मांडलंच नाही, "गाडी चालू होणार" असं मांडलं. रिफंड हा शब्द सगळ्यात शेवटी येतो.

स्टेशनवरूनच १९३० ला फोन लावला. हा सायबर फ्रॉडचा देशभराचा नंबर आहे आणि इथे वेळेलाच किंमत आहे, कारण तुमचे पैसे त्या खात्यातून पुढच्या खात्यात, तिथून तिसऱ्या खात्यात जात असतात, वाटेत जिथे शिल्लक सापडेल तिथे बँक ते अडवते. यूटीआर नंबर म्हणजे त्या ट्रान्झॅक्शनचा क्रमांक, वेळ, समोरचा यूपीआय आयडी एवढं हाताशी ठेवा, स्क्रीनशॉट चॅट डिलीट व्हायच्या आत काढा. शेवटचे ४,९९९ असे होल्डवर आलेत, हातात अजून नाही आलेले. आधीचे गेले ते गेले. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर पण तक्रार टाकली आणि परत आल्यावर नाशिकच्या सायबर पोलीस ठाण्यात अर्ज दिला. तक्रार भोपाळला करायची की नाशिकला यात अडकू नका, १ जुलै २०२४ पासून नवीन कायदे लागू झालेत त्यात झीरो एफआयआर आहे, हद्द आपली नाही म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही.

नंतर घरी बसून भाच्याने त्यांचं एकेक सोलून काढलं, तेच तुम्ही बुकिंगच्या आधी करा. बिलावरच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे म्हणजे राज्याचा कोड. मध्य प्रदेशचा २३, आपला २७. भोपाळच्या बिलावर ०८ होतं, म्हणजे राजस्थान. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता नंबर टाकून बघता येतं, तो नंबर एका कापड दुकानाचा निघाला, त्या बिचाऱ्याला कल्पना पण नसेल. फोटोतल्या गाडीचा एमपी ०४ नंबर सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपमध्ये टाकला तर खाजगी मोटार कार. आणि सगळ्यात सोपी खूण फोटोतच होती, पांढरी नंबर प्लेट. टॅक्सीला पिवळी पाटी काळी अक्षरं, आणि सेल्फ ड्राइव्हने भाड्याने द्यायच्या गाडीला काळी पाटी पिवळी अक्षरं. १९८९ ची रेंट-अ-कॅब स्कीम आहे, रीतसर लायसन्स लागतं त्याला. पांढऱ्या पाटीची गाडी कुणी खरोखर दिली, अगदी चावी हातात दिली, तरी घेऊ नका भाऊ. खाजगी गाडी भाड्याने चालवताना ठोकली तर इन्शुरन्सवाले हात वर करायला मोकळे, आणि सेंधव्याच्या नाहीतर विदिशाच्या रस्त्यावर ट्रकला घासल्यावर तुमचं तुम्ही बघा. आपल्याकडे पण कितीतरी लोक घरची गाडी अशी सर्रास देतात, ओळखीत चालतं म्हणून.

आता कागदपत्रांचं. कुणालाही द्यायचंच असेल तर मास्क्ड आधार द्या, आधारच्या साइटवरून डाउनलोड होतं, त्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. कॉपीवर पेनने आडवं लिहा, तारीख आणि कशासाठी दिली ते. आम्ही आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते बघितलं. सध्या तरी आमचेच आहेत, पण बघत राहावं लागतंय हा कायमचा व्याप लागला.

आणि हो, दुसरा हल्ला होतो, त्याची तयारी ठेवा. तक्रार केल्यानंतर काही दिवसांनी एकाचा फोन आला, सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम रिकव्हर झालीय, कोर्ट फी म्हणून २,१०० भरा. माझं नाव, रक्कम, बुकिंगची तारीख सगळं बरोबर सांगत होता. बरोबर सांगणारच, माहिती त्यांच्याच वहीतली. पोलीस फी मागून पैसे परत देत नाहीत, फोन ठेवा.

ट्रिपचं म्हणाल तर झाली की. हॉटेलवाल्याने पिवळ्या पाटीची टॅक्सी करून दिली, चालवणारे एक वयस्कर चाचा, पैसे रोज संध्याकाळी गाडीतून उतरल्यावर. ते म्हणाले स्टेशनबाहेर बॅगा घेऊन फोनकडे बघत बसलेली माणसं दिसली की आम्ही ओळखतो. सासूबाईंना भीमबेटक्याच्या चढाला हात धरून नेलं, १९५७ मध्ये पुरातत्त्वज्ञ वाकणकरांना ट्रेनमधून जाताना हे खडक दिसले आणि ते उतरून तिकडे गेले, ते ऐकून म्हणाल्या ट्रेनमधून बाहेर बघत बसावं, फोनमध्ये नाही. मी काही बोललो नाही. सांचीच्या वाटेवर कर्कवृत्त रस्ता ओलांडतं तिथे थांबून फोटो काढले, विदिशाला हेलिओडोरस नावाच्या ग्रीक राजदूताने उभारलेला स्तंभ बघितला, गावातले त्याला खांब बाबा म्हणतात. सेल्फ ड्राइव्हपेक्षा फार महाग पडलं नाही, आणि मला स्तूप बघता आला, नाहीतर मी पार्किंग शोधत बसलो असतो.

हे सगळं लिहायला बसलो त्याला कारण भाच्याने पाठवलेला एक स्क्रीनशॉट. तीच पांढरी हॅचबॅक, तेच फोटो, नंबर आता ब्लर केलाय, आणि वर लिहिलंय 'नाशिक त्र्यंबकेश्वर सिंहस्थ स्पेशल, सेल्फ ड्राइव्ह'. २०२७ चं स्नान अजून लांब आहे पण गळ टाकून झाला. भाच्याने बाहेरगावचा पाहुणा बनून विचारलं, पिकअप नाशिकरोडच्या मेन गेटला देणार की सिन्नर फाट्याच्या बाजूला? उत्तर आलं, "स्टेशन के सामने सर जी, लोकेशन भेज देंगे." संचार साथीच्या 'चक्षू' या फसवणुकीची तक्रार करायच्या सोयीवर रिपोर्ट केलंय, जाहिरात कालपर्यंत चालूच होती. तुमचे सुरतचे, इंदूरचे, नागपूरचे नातेवाईक कुंभासाठी गाडी बघत असतील तर त्यांना एवढं कळवा, इथल्या बिलाचा जीएसटी २७ ने सुरू व्हायला हवा आणि गाडीची पाटी काळी हवी, आणि गाडी समोर उभी राहिल्याशिवाय डिपॉझिट द्यायचं नाही, तोपर्यंत समोरचा कितीही गोड बोलू दे.