पत्ता गावभागचा म्हटल्यावर गिअरबॉक्समध्ये पूर आला

जुनी ऑटोमॅटिक गाडी बाळगणाऱ्या सांगली-मिरजेकडच्या लोकांसाठी हे लिहितोय. गिअरबॉक्सचं तेल बदलायला म्हणून गाडी सोडली होती, साडेसहा हजारांचं काम. बिल झालं ७१ हजारांचं, आणि ज्या कामाचे पैसे घेतले ते काम झालेलंच नव्हतं. गॅरेजचं नाव इथे देत नाही, प्रकरण ग्राहक आयोगाकडे आहे. पण पद्धत सांगतो, कारण हीच पद्धत दुसऱ्या पाटीखालीही चालू शकते.

गाडी २०१२ ची वेर्ना, १.६ पेट्रोल, चार गिअरांची टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक, म्हणजे पायाच्या क्लचऐवजी तेलातून इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी. आप्पांनी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घेतली, क्लच दाबायला नको म्हणून. आता मी चालवतो. लाखावर किलोमीटर झालेत. तक्रार अशी की सकाळी थंड गाडी रिव्हर्समधून डी ला, म्हणजे पुढे जायच्या गिअरला, टाकली की क्षणभर काहीच होत नाही, मग धप्पकन झटका बसतो. पहिल्याचा दुसरा पडतानाही धक्का. इंजिन तापलं की बरंच सुधारायचं. आप्पांना कागद जपायची सवय, त्यामुळे पहिल्या सर्व्हिसपासूनची सगळी बिलं फाइलला लावलेली. इंजिन ऑइल, ब्रेक पॅड, कूलंट, सगळं आहे. गिअरबॉक्सच्या तेलापुढे मात्र दरवेळी ‘तपासले’ एवढीच टिक. बारा वर्षं ते तेल तसंच होतं.

ही गोष्ट फक्त आमच्याच घरची नाही. ऑटोमॅटिकचं तेल बदलावंच लागत नाही असा समज पक्का बसलाय, आणि शोरूममधले सेल्सवालेही तेच सांगतात. पुस्तक नीट वाचलं तर बहुतेक कंपन्या कठीण वापरासाठी वेगळा तक्ता देतात. धूळ, ऊन, जवळजवळच्या फेऱ्या, घाट, गर्दी हा सगळा कठीण वापरच. सांगलीतली कुठली गाडी यातून सुटेल?

तर एका ओळखीच्याने मिरज रोडकडचं एक गॅरेज सुचवलं. बाहेर ‘ऑटोमॅटिक स्पेशालिस्ट’ अशी मोठी पाटी, आत चकाचक टाइल्स, कूलरचं गार पाणी. मालक बोलायला गोड. गाडीला हात लावायच्या आधी त्याने एकच प्रश्न विचारला.

“साहेब, राहायला कुठं?”

“गावभागात.”

“आं, मग बरोबर आहे. बघू आपण, काळजी नको.”

काय बरोबर आहे ते तेव्हा कळलं नाही. संध्याकाळी फोन आला, येऊन बघून जा. गेलो तर टेबलावर पाण्याची एक बाटली, तिच्यात गुलाबी लस्सीसारखं काहीतरी. म्हणाला, “हे तुमच्या गिअरबॉक्समधून निघालं. पुराचं पाणी शिरलंय. आता नुसतं तेल बदलून भागणार नाही, खोलावाच लागेल.”

ही थाप बरोबर बसते, कारण तिच्यातलं अर्धं खरं असतं. गिअरबॉक्सला हवा जाण्यासाठी वर ब्रीदर असतो. गाडी पाण्यात बुडली तर तिथून किंवा डिपस्टिकच्या, म्हणजे तेल मोजायच्या काडीच्या, नळीतून पाणी आत जाऊ शकतं. ऑटोमॅटिकचं तेल नवं असताना लाल असतं, त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलं की ते गुलाबी, दुधाळ दिसतं. आतल्या क्लच प्लेटांवरचं अस्तर कागदासारख्या मालाचं असून ते डिंकाने चिकटवलेलं असतं, पाण्याने ते फुगतं आणि सुटतं. म्हणजे खरंच पाणी गेलं असेल तर खर्च मोठाच. आणि सांगलीत पूर झाला नाही असं कोण म्हणेल? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर होती. धोक्याची पातळी तिथे ४५ आहे. २०२१ ला परत तेच. नदीकाठच्या गावभागचा पत्ता ऐकला की गाडी बुडालीच असणार, असं धरून चाललेला हा धंदा.

आमची गाडी बुडाली नव्हती. पाणी चढायला लागलं की आमच्या गल्लीतली माणसं आधी गाड्या बाहेर काढतात, मग कपाटं माडीवर नेतात. दोन्ही वेळेला गाडी विश्रामबागला बहिणीच्या इमारतीखाली उभी होती, तिथे पाणी पोचलंच नाही. मी हे सांगितलं. शिवाय सकाळी निघताना डिपस्टिक पुसून बघितली होती, तेल गडद तपकिरी होतं, गुलाबी नाही, तेही सांगितलं. त्याच्याकडे उत्तर तयार. “वरच्या काडीला नाही कळत साहेब, पाणी जड असतं, खाली बसतं. आणि बुडायलाच पाहिजे असं नाही. पावसात खड्ड्यातून नेली तरी शिरतं.” माणूस इतक्या सहज बोलला की दुसऱ्या प्रश्नाला जागाच राहिली नाही. वर भीती घातली, अशीच चालवलीत तर रस्त्यात बंद पडेल, मग अख्खा गिअरबॉक्स बदला, दीड-दोन लाख. आप्पा म्हणाले करून टाक. २५ हजार आगाऊ दिले.

काम ‘चालू’ असताना दोनदा बघायला येऊ का विचारलं. एकदा पार्ट पुण्याला गेलाय म्हणाला, एकदा धुळीमुळे खोली बंद ठेवलीय म्हणाला. गाडी मिळाली तेव्हा हातात एक कच्ची चिठ्ठी. क्लच प्लेट सेट २४ हजार, कन्व्हर्टर दुरुस्ती १८ हजार, तेल १२ लिटर ९ हजार, मजुरी २० हजार. पार्ट नंबर नाही, तेलाचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही. जुने पार्ट मागितले तर म्हणे भंगारवाला कालच घेऊन गेला.

सकाळचा झटका पहिल्या दिवसापासून जसाच्या तसा. फोन केला तर म्हणाला, गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर नव्याने शिकतोय, हजार किलोमीटर चालवा. इथेही अर्धं खरं. काम झाल्यावर गिअर टाकायचा दाब कॉम्प्युटर पुन्हा जुळवून घेतो, पण त्यासाठी हजार किलोमीटर लागत नाहीत. थोड्याच दिवसांत नवीनच दुखणं सुरू झालं. साठच्या आसपास एकसारखी गाडी चालवली की सबंध गाडी बारीक थरथरायची. आधी हे कधीच नव्हतं.

त्यानंतर मिरजेतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. पाटी नाही, टाइल्स नाहीत, रॅम्प मात्र आहे. मी चिठ्ठी दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली, काही बोलले नाहीत, गाडी वर घेतली आणि मला खाली बोलावलं.

“हे चेंबरचे बोल्ट बघा. पान्याचा एक तरी ओरखडा दिसतोय का?”

नव्हता. चेंबर म्हणजे गिअरबॉक्सखालची तेलाची परात. तिच्या कडेने तेल आणि धुळीचा जुना थर, बोल्टच्या डोक्यांवर तोच वाळलेला चिखल, कुठेच तुटलेला नाही. गिअरबॉक्स गाडीखाली उतरवायचा म्हणजे एक्सल काढावे लागतात, माउंटिंग सोडावी लागतात, स्टार्टर काढावा लागतो. एकाही नटावर पाना लागल्याची खूण नव्हती. अख्ख्या खालच्या भागात चकाकणारी गोष्ट एकच होती, तेल काढायच्या ड्रेन नटचा वायसर. चाचांनी बोटाने तो दाखवला आणि म्हणाले, “एवढंच काम झालंय. ७१ हजारांचा वायसर.”

मग त्यांनी एकेक गाठ सोडवली. इंजिन चालू झालं की गिअरबॉक्सचा पंप सगळं तेल फिरवतो, त्यामुळे पाणी ‘खाली बसून’ राहत नाही, आत पाणी असेल तर डिपस्टिकवरही गुलाबीच दिसणार. दुसरं, बिनपुराच्या गाडीत पाणी शिरायचा नेहमीचा रस्ता म्हणजे रेडिएटर. गिअरबॉक्सचं तेल गार करायची नळी अनेक गाड्यांत रेडिएटरच्या टाकीतून जाते. ती आतून फुटली तर कूलंट तेलात येतं, आणि बहुतेक वेळा तेलही कूलंटमध्ये जाऊन बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीत तवंग दिसतो. माझ्या बाटलीतलं कूलंट स्वच्छ हिरवं होतं. ती गुलाबी बाटली कुणाच्या गाडीची होती देव जाणे.

तिसरं, थरथर. साठच्या आसपास कन्व्हर्टर लॉक होतो, म्हणजे आतला क्लच पकडतो. तो घसरू न देता, पण झटकाही न देता पकडायचा तर तेलात नेमका तोच मसाला लागतो जो कंपनीने ठरवलाय. या गिअरबॉक्सला एसपी-थ्री प्रकारचं तेल चालतं. गॅरेजवाल्याने काढून घेतलेल्या तेलाच्या जागी कुठलंसं सुटं, ‘सगळ्यांना चालतं’ म्हणून विकलं जाणारं तेल ओतलं होतं. आणि १२ लिटर कुठे ओतले हाही प्रश्नच, कारण या गिअरबॉक्सची एकूण क्षमता सात लिटरच्या आत आहे.

मूळचा झटका मात्र गिअरबॉक्सचा नव्हताच. चाचांनी बॉनेट उघडलं, पोराला ब्रेक दाबून रिव्हर्स आणि डी असं आलटून पालटून करायला सांगितलं, आणि आम्ही बाजूला उभे राहून बघितलं. दरवेळी इंजिन एका अंगाने उचलून परत आदळत होतं. इंजिन ज्या रबरी आधारांवर बसवलेलं असतं त्यांना फाउंडेशन म्हणतात, त्यातल्या एकाचं रबर पार फाटलेलं. हे कुणालाही घरी बघता येतं, फक्त हँडब्रेक लावा आणि गाडीच्या पुढे-मागे कोणी उभं राहू नका. माझ्या माहितीतल्या किमान दोघांना ‘गिअरबॉक्स गेला’ असं सांगितलं होतं आणि दुखणं फाउंडेशनचं निघालं. इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीवर काजळी धरून उभ्या गाडीत इंजिनाचा वेग वरखाली होत असेल तरी असाच धक्का बसतो.

पुढचं काम साधं. चाचांनी चेंबर उघडला, फिल्टर बदलला. आतल्या चुंबकांवर राखाडी बारीक लगदा होता, तो जुन्या गिअरबॉक्सला असतोच. हाताला टोचणारे तुकडे निघाले असते तर गोष्ट वेगळी. मशिन लावून दाबाने तेल धुऊन काढायला त्यांनी साफ नकार दिला. यावर मेकॅनिकांत दोन मतं आहेत, पण बारा वर्षं न बदललेल्या गिअरबॉक्समधला गाळ दाबाने सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतो, ही त्यांची भीती मला पटली. ड्रेन नट सोडला की निम्म्याच्या आसपासच तेल पडतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहतं. म्हणून त्यांनी तीन टप्प्यांत केलं. काढा, भरा, काही दिवस चालवा, परत काढा. निम्मं-निम्मं धरलं तरी शेवटी सात अष्टमांश तेल नवं. सीलबंद डबे माझ्यासमोर फोडले. इंजिन चालू ठेवून, लिव्हर सगळ्या गिअरांतून फिरवून, तेल गरम असताना सपाटीवर डिपस्टिकच्या ‘हॉट’ खुणेला माप मिळवलं. हे माप काही कंपन्यांत इंजिन बंद करून घेतात, काही गाड्यांना डिपस्टिकच नसते, तेव्हा आपल्या गाडीचं पुस्तक बघा. फाउंडेशन, फिल्टर, तेल, मजुरी धरून साडेपंधरा हजार, पक्कं बिल. थरथर गेली, दुसरा गिअर कधी पडला ते आता लक्षात येत नाही. थंडीत डी पडायला किंचित वेळ अजून लागतो. चाचा म्हणाले, आतले सील कडक झालेत, तेवढं राहणार, त्यासाठी गिअरबॉक्स खोलायचा नाही.

तर कुणी तुमचा गिअरबॉक्स खोलायचा म्हणेल तेव्हा गाडी सोडायच्या आधी खालून बोल्टचे आणि चेंबरचे फोटो काढा, तारखेसकट. बाटलीतलं तेल दाखवलं तर डिपस्टिक तिथेच ओढून दोन्ही रंग शेजारी ठेवायला लावा. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला असेल तर त्यात दिसलेले बिघाडाचे कोड कागदावर मागा. जुने पार्ट परत हवेत हे काम देतानाच लिहून घ्या, गाडी घेताना मागून उपयोग नसतो. आणि पत्ता विचारला तर पिनकोड सांगायची गरज नाही.

ग्राहक कायद्याचं थोडं. बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे ‘कच्ची चिठ्ठी आहे, काय करणार’ म्हणून गप्प बसू नका. १९१५ या हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवता येते. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. मी चिठ्ठी, यूपीआयच्या नोंदी, रॅम्पवरचे फोटो आणि चाचांचं बिल जोडून आधी नोटीस पाठवली. नोटीस पोचल्यावर मालकाचा फोन आला, आवाज तसाच गोड, “साहेब, आपसात मिटवू”. वीस हजार परत केले आणि बाकीचं ‘हळूहळू’ म्हणाला. ते हळूहळू काही आलं नाही, म्हणून उरलेल्या ५१ हजारांसाठी तक्रार दाखल केली आहे. त्याच गॅरेजची अशीच गुलाबी बाटली आणखी कुणाला दाखवली गेली असेल तर चिठ्ठी फाडू नका, चेंबरचे बोल्ट कुणालाही हात लावू न देता आधी त्यांचे फोटो काढून घ्या.