बाइक फिटिंग: साधी मोजणी की थ्रीडी मोशन कॅप्चर?

बाइक फिटिंग म्हणजे सायकलची सीट, हँडल वगैरे चालवणाऱ्याच्या शरीराला जुळवून घेणं. साध्या फिटिंगमध्ये सायकल ट्रेनरवर (जागच्या जागी पेडल मारता येईल असा स्टँड) चढवतात, पेडल सर्वांत खाली थांबवून गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायचं साधन) गुडघा किती वाकलाय तो कोन मोजतात (25 ते 35 अंश हवा) आणि ओळंबा लावून सीट पुढे-मागे जमवतात. खर्च कमी. उणीव एकच, पण मोठी: पेडल फिरू लागलं की घोट्याची ठेवण बदलते आणि तोच कोन साधारण 5 ते 10 अंशांनी वाढतो. म्हणून चांगला फिटर बाजूने आणि मागून मोबाइलवर व्हिडिओही काढतो. कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल, तर सीट बहुधा उंच आहे.

मोशन कॅप्चर, म्हणजे कॅमेऱ्यांनी शरीराची हालचाल टिपणं, हे सगळं चालत्या पेडलवर मोजतं. पायांच्या लांबीत फरक, जुनी दुखापत किंवा एकाच बाजूचं दुखणं असेल, तर जास्तीचे पैसे इथे जरूर घालावेत.

गुडघा पुढून दुखतोय (सीट बहुतेकदा खाली) किंवा मागून (बहुतेकदा वर), एवढ्यासाठी साधी मोजणी पुरते. आधी विचारा: क्लीट (बुटाच्या तळाला लावायचा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) बसवणं यात धरलंय का? स्टेम (हँडल सायकलला जोडणारा भाग) बदलावा लागला तर त्याचे वेगळे पैसे का? दोन-तीन आठवड्यांनी फेरतपासणी आहे का? ती नसेल तर कॅमेरे कितीही महागडे असोत, दुसरा फिटर शोधा. शरीर नव्या बैठकीला सरावल्यावर सीट बऱ्याचदा पुन्हा थोडी हलवावी लागते.