सी लाउंज: खिडकी, चहा आणि बिल

मुंबईच्या ताजमहाल पॅलेसमध्ये रात्र काढण्याचा खर्च बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचा. पण या हॉटेलातली सगळ्यात देखणी जागा खोलीत नाहीच. ती जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, गेटवे ऑफ इंडियाकडे तोंड करून बसलेल्या सी लाउंजमध्ये आहे आणि एका हाय टीच्या, म्हणजे दुपारच्या चहा-फराळाच्या, भावात दोन तास आपली होते. भाव अर्थात ताजचा. तो वसूल होतो का, हे पदार्थांपेक्षा वेळ, वार आणि टेबल यांवर जास्त ठरतं.

आधी पोहोचायचं कसं ते. गेटवेसमोर गाड्यांना अडसर असतात, त्यामुळे टॅक्सी थेट दारात नेण्याचा हट्ट सोडून रीगल सिनेमाच्या चौकात उतरलेलं बरं. तिथून पाच-सात मिनिटांची चाल. भुयारी मेट्रोचा हुतात्मा चौक थांबा २०२५च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, तिथून पायी वीसेक मिनिटं, चर्चगेटहून अर्ध्या तासाच्या आत. दारात सामान स्कॅनरमधून जातं. मोठी सॅक टाळावी, रांग तिथेच अडते. पुरुषांनी बर्मुडा आणि रबरी चप्पल घरीच ठेवावी. सूट-बूट लागत नाही, इस्त्रीचा शर्ट आणि बूट पुरे.

लॉबी उत्तरेच्या टॉवरच्या अंगाला आहे. हा टॉवर १९७०च्या दशकातला. आत शिरल्यावर डावीकडे, महागड्या दुकानांच्या बोळातून जुन्या इमारतीकडे वळायचं. लॉबीतच फोटो काढून परतणारे पुष्कळ, पण ती या हॉटेलची सगळ्यात सामान्य जागा आहे. दोन इमारतींतला फरक पायाखाली आणि डोक्यावर लगेच जाणवतो: जुन्या भागात छत उंच, बोळ रुंद आणि आवाज कमी.

ही जुनी इमारत १६ डिसेंबर १९०३ला उघडली. समोरचं गेटवे पुरं व्हायला १९२४ साल उजाडलं, म्हणजे हॉटेल त्या कमानीपेक्षा २१ वर्षांनी थोर. नकाशा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं आणि ते पाहून आर्किटेक्टने जीव दिला, ही मुंबईतली आवडती लोणकढी. वैद्य १९०० सालीच मलेरियाने गेले, काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरं केलं. जुनं प्रवेशद्वार शहराच्या बाजूला होतं हे मात्र खरं. घोडागाड्या तिकडून येत, जिथे आज पोहण्याचा तलाव आहे. त्यामुळे समुद्राकडची पूर्ण बाजू पाहुण्यांच्या वाट्याला आली. सी लाउंजला खिडक्यांची एवढी लांब रांग मिळाली ती या ‘उलट्या’ नकाशाच्या कृपेने.

आता वेळेचं गणित. खिडक्या पूर्वेकडे आहेत. सकाळी ऊन थेट डोळ्यांवर येतं, समोरचं सगळं पांढरट दिसतं आणि फोटोत गेटवे काळा पडतो. दुपारनंतर सूर्य हॉटेलच्या पाठीमागे जातो, कमानीच्या शहराकडच्या अंगावर पिवळी उन्हं पडतात आणि दगडाचा मधासारखा रंग उठून येतो. हिवाळ्यात चार ते साडेपाच, उन्हाळ्यात पाच ते साडेसहा ही ती घटका. सूर्यास्त इथून दिसत नाही. तो हवा असेल तर मरीन ड्राइव्हला जावं. काळोख पडल्यावर काचेत आपलंच टेबल दिसू लागतं, म्हणून उशिराची वेळ घेण्यात अर्थ नाही.

वारांत सोमवार उत्तम. त्या दिवशी घारापुरीची लेणी बंद असतात, त्यामुळे तिकडे जाणाऱ्या लाँचची गर्दी आणि भोंगे दोन्ही कमी. रविवारी पटांगण फुलून येतं आणि आतही टेबलं ठासून भरतात. डिसेंबरात नौदलाचा सोहळा गेटवेसमोर होतो. त्या दिवशी, आणि आधीच्या सरावांच्या दिवशीही, रस्ते बंद असतात. ते पाहून मगच बुकिंग करावं. सगळ्यात चांगला मोसम विचाराल तर जुलै. मांडव्याच्या बोटी बंद, आकाश शिशाच्या रंगाचं, भरतीला लाटा कठड्यावर आपटतात आणि आपण गरम किटलीशी कोरडे. भरतीची वेळ पाहून जावं. ओहोटीला तोच समुद्र मरगळलेला असतो.

इथे एक गोष्ट चुकते ती नेहमीचीच. बुकिंग टेबलाचं होतं, खिडकीचं नाही. फोन करताना ‘खिडकीचं टेबल, दोघांसाठी’ असं स्पष्ट सांगावं आणि ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी हजर राहावं. चौघा-सहा जणांच्या घोळक्याला खिडकीशी जागा मिळणं अवघड, कारण तिथली टेबलं छोटी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी लग्नसराईत तर आणखीच. सी लाउंज ही मुंबईतली बघण्याच्या कार्यक्रमांची जुनी, मान्यताप्राप्त जागा आहे. दोन्हीकडची मंडळी समोरासमोर, मुलगा-मुलगी बाजूच्या टेबलावर आणि कोणाच्याच बशीतलं काही संपत नाही! शेजारी असा बेत चालू असेल तर मोठ्याने बोलू नये, एवढं सौजन्य पाळावं.

हाय टी बुफे पद्धतीची, दुपारची. नाव इंग्रजी असलं तरी निम्मं टेबल मुंबईचं: सेवपुरी-भेळेचा काउंटर, छोटे वडापाव, चटणी सँडविच, बाकीच्या निम्म्यात स्कोन (छोटे इंग्रजी बन), केक, पेस्ट्री. लोक नेमकी इथेच गल्लत करतात. पहिल्याच फेरीत बशी भरून केक आणतात आणि चौथ्या घासाला हात आखडतो. क्रम उलटा ठेवावा. आधी स्कोन, तेही गरम असतील तेव्हाच. स्कोन सुरीने कापू नये, मधल्या भेगेवर दोन्ही अंगठ्यांनी उघडावा. सुरीने आतला मऊ भाग दाबला जाऊन लगदा होतो. त्यावर क्रीम, मग जॅम. पंधरा मिनिटं पडून राहिलेला स्कोन खारीसारखा कोरडा होतो, तो उचलू नये. नवीन तबक येईपर्यंत थांबावं.

सेवपुरी एका वेळी चारच घ्याव्यात आणि काउंटरवरून टेबलाशी येताच खाव्यात. चिंचेची चटणी पुरीत मुरायला दोन मिनिटं पुरतात, मग ती चमच्याने खायची वस्तू होते. तिखट आपणहून सांगावं लागतं. न सांगितल्यास परदेशी पाहुण्याला झेपेल एवढंच पडतं. चव गिरगावातल्या गाडीची नाही, हे मान्य करूनच खावी. पुरी मात्र पातळ आणि तेल ताजं. वडापावाबद्दल एवढंच म्हणेन की तो गोंडस आहे, आणि वडापावाने गोंडस असू नये.

चहाकडे जास्त लक्ष द्यावं, कारण इथली खरी खासियत तीच आणि बहुतेकांचा दुर्लक्ष करण्याचा विषयही तोच. दार्जिलिंग घेतला तर तीन मिनिटांनी ओतावा आणि दूध घालू नये. पाच मिनिटं ठेवला की तुरट होतो. दूध-साखर हवी असेल तर आसाम मागवावा, त्याला चार-पाच मिनिटं द्यावीत. पानं किटलीतच राहणार असतील तर पहिला कप ओतल्यावर उरलेला चहा दुसऱ्या भांड्यात काढून द्यायला सांगावं किंवा वेगळं गरम पाणी मागावं. दोन्ही आनंदाने मिळतं. व्हिएनीज कॉफी इथली जुनी ओळख. वर थंड फेटलेलं क्रीम, खाली गरम कॉफी. ती ढवळायची नसते, क्रीममधूनच प्यायची. ढवळली की कोमट, तेलकट दूधकॉफी उरते.

कमी खाणाऱ्याने बुफे घेऊ नये. दोन किटल्या आणि एक-दोन पदार्थ वेगळे मागवले तर खर्च बराच खाली येतो. मात्र हाय टीच्या वेळेत मेन्यूवरचे पदार्थ वेगळे मिळतात का, हे बुकिंगच्या फोनवरच विचारून घ्यावं.

बिल. मेन्यूवरची किंमत करांशिवाय असते. बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के, पण खोलीचं भाडं ७,५०० रुपयांवर असलेल्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटात १८ टक्के. म्हणजे समजा माणशी ३,००० छापलेले असतील तर हातात ३,५४० पडतात आणि चौघांमागे २,१६० रुपये निव्वळ कराचे. मद्य जीएसटीत येत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट वेगळ्या ओळीत लागतो. कुठल्याही रेस्टॉरंटात ‘सर्व्हिस चार्ज’ची ओळ दिसली तर ती सक्तीची नसते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. काढायला सांगितली तर काढावी लागते. टीप मग आपल्या मर्जीने. पाणी मागताना ‘साधं’ म्हणावं, नाहीतर विकतची बाटली उघडली जाते आणि तिची किंमत वडापावाच्या गाडीवर आठवडाभर पुरेल एवढी असू शकते.

निघताना घाई नको. जुन्या इमारतीतला मोठा जिना पाहावा: मधल्या घुमटाखाली, भिंतीतून बाहेर आलेला, खाली आधाराचा खांब नसलेला. पायथ्याशी जमशेटजी टाटांचा अर्धपुतळा आहे. भिंतींवरच्या चित्रसंग्रहात हुसेन, गायतोंडे, बी. प्रभा अशी नावं आहेत; कुठलं चित्र कधी कुठे टांगलेलं असेल ते बदलतं, कर्मचाऱ्यांना विचारलं तर दाखवतात. २००८च्या हल्ल्यात हा भाग जळला होता, तो दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१०ला पुन्हा उघडला. मृतांच्या नावांचं स्मारक आत आहे, तिथे सेल्फी काढू नये हे सांगावं लागू नये, पण लागतं.

तळमजल्यावरचा हार्बर बार १९३३चा. शहरातला परवाना क्रमांक एक आपला, असं हॉटेल सांगतं. चहानंतर लगेच तिथे जाणं म्हणजे दोन्हींचा अपमान. वेगळी संध्याकाळ ठेवावी. महाराष्ट्रात बिअर-वाइनला वय २१, कडक मद्याला २५ लागतं. तरुण चेहऱ्यांनी ओळखपत्र जवळ बाळगावं.

राहायचंच असेल तर टॉवरमधल्या खोलीवर पैसे घालू नयेत. तिथे चांगलं हॉटेल मिळतं, ताज मिळत नाही. जुन्या इमारतीतली शहराच्या किंवा तलावाच्या बाजूची खोली समुद्राकडच्या खोलीपेक्षा स्वस्त पडते आणि समुद्र पाहायला खालचं लाउंज आहेच. भाड्यावर १८ टक्के जीएसटी धरून हिशेब करावा: २०,००० सांगितले की २३,६००.

आणि टेबल मिळालंच नाही तर हॉटेलच्या मागच्या गल्लीत बडेमियाँ आहे. सीख कबाब, रुमाली रोटी, कांदा. रात्री आठनंतर जावं.