रॅलीतून निवृत्त झालेली जिप्सी: पावसाळा-हिवाळा काढल्यावर गाडीबद्दल आणि तिच्या बाजारभावाबद्दल

गाडी मारुती जिप्सी किंग, एमपीएफआय (इंजेक्शनचं पेट्रोल इंजिन), २००७चं मॉडेल, सॉफ्ट टॉप. पासिंग महाराष्ट्रातलंच. पहिल्या मालकाने ती मोटार रॅलीच्या राष्ट्रीय मालिकेत आणि नंतर ऑटोक्रॉसमध्ये (मैदानात आखलेल्या मार्गावरची, घड्याळाविरुद्धची शर्यत) पळवली, दुसऱ्याने शेडमध्ये झाकून ठेवली, तिसरा मी. पावसाळ्याच्या तोंडावर साडेचार लाखांना घेतली. किंमत ऐकली की काही जण म्हणतात फुकटात मिळाली, काही जण म्हणतात एवढ्यात चांगली स्विफ्ट आली असती. मला दोन्ही पटतं. ही गाडी चालते कशी हे तर सांगतोच, पण तिचा भाव ठरतो कसा हे वापरता वापरता जास्त कळत गेलं, म्हणून त्यावर जरा लांबण लावणार आहे.

आधी गाडी. १२९८ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, कागदावर ८० हॉर्सपॉवर, वजन टनभरच. चारही बाजूंना पाटे, पुढे-मागे अखंड ॲक्सल, पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, एअरबॅगचा प्रश्नच नाही. वर रॅलीची भर: वेल्ड केलेला रोलकेज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा पिंजरा), अंगाला धरून ठेवणाऱ्या दोन बकेट सीट, महागडे शॉकअप, इंजिनाखाली जाड पत्र्याचं गार्ड. मागची बाकडी कधीच काढून टाकलेली. आरसीवर आसनसंख्या आठ, बसतात दोघं.

शहरात ही गाडी म्हणजे शिक्षा आहे. क्लच जड, सीटवर चढताना दरवाज्यातल्या आडव्या नळीवरून पाय टाकावा लागतो, नाशिकच्या सीबीएसच्या सिग्नलला उभं राहिलं की बोनेटची सगळी ऊब थेट मांडीवर. स्पीडब्रेकरवर शॉकअप हलतच नाहीत, मणका हलतो. घरच्यांनी एकदा त्र्यंबकपर्यंत साथ दिली आणि पुढे सरळ सांगितलं, "तुझं तू जा, आम्ही मागून दुसऱ्या गाडीने येतो."

पण घोटीच्या पुढे, भंडारदऱ्याच्या बाजूला पावसाने उखडलेल्या रस्त्यावर तीच गाडी वेगळी वाटते. ताशी वीसने जीव काढते आणि चाळीसच्या वर गेली की खड्डे गिळायला लागते. हे शॉकअप वेगात काम करण्यासाठीच बसवलेले आहेत, हळू चालवणाऱ्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. चिखलात फोर बाय फोर टाकून निघताना पुढचं चाक पकड घेतं तो क्षण स्टिअरिंगमध्ये स्पष्ट जाणवतो, मधे कुठलंही इलेक्ट्रॉनिक्स नाही. ॲव्हरेज नऊ-दहाच्या पुढे कधी गेलं नाही. टाकी चाळीस लिटरची, त्यामुळे लांबच्या रस्त्याला पंप कुठे आहे हे डोक्यात ठेवावं लागतं.

पावसात पाणी आत येतं. ताडपत्री नवीन घातली तरी येतं. ह्यावर अधिक लिहिण्यात अर्थ नाही, जिप्सीवाल्यांना माहीत आहे.

आता भाव. रॅलीच्या गाडीचा भाव तिच्या आयुष्यात निदान दोनदा पलटी मारतो. पळत असते तेव्हा किंमत जिंकण्याची असते. नियम बदलले, वर्गात नवी गाडी आली, की जुनी गाडी एका मोसमात उतरते. कारण स्पर्धकाला ती नको असते आणि सामान्य गिऱ्हाइकाला तर त्याहून नको असते. पिंजरा घातलेली, मागची सीट नसलेली, दगडांनी पोट सोललेली गाडी रोजच्या वापराला कोण घेणार? त्या काळात रॅलीची जिप्सी साध्या जिप्सीपेक्षा स्वस्त जायची. माझ्या गाडीच्या दुसऱ्या मालकाने ती अशाच पडत्या काळात उचलली होती.

बाहेरच्या देशांतही हेच घडलंय, फक्त आकडे मोठे. १९८६च्या मे महिन्यात कॉर्सिकाच्या रॅलीत हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो लान्सियात जळून गेले आणि ग्रुप बी हा रॅलीतल्या सगळ्यात जोरकस गाड्यांचा वर्गच पुढच्या मोसमापासून बंद झाला. कारखान्यांनी नियमापुरत्या दोनशे-दोनशे गाड्या बनवल्या होत्या, त्यांना रातोरात स्पर्धाच उरली नाही. एमजी मेट्रो ६आर४सारख्या गाड्या पडत्या भावात निघाल्या, बऱ्याच रॅलीक्रॉसमध्ये, म्हणजे बंद ट्रॅकवरच्या शर्यतीत गेल्या. त्याच पिढीतली एक ऑडी स्पोर्ट क्वाट्रो एस१ २०२१ साली फ्रान्समधल्या लिलावात वीस लाख युरोंच्या वर गेली. मधली दोन-तीन दशकं जी कुणी शेडचं भाडं भरलं त्याचे हे पैसे. पण तिकडे चासी नंबरावरून कुठली गाडी कुठल्या रॅलीत कोणी चालवली ह्याचा माग काढता येतो. आपल्याकडे गाडी विकली की फाइल रद्दीत जाते, आणि घोडं इथेच अडतं.

जिप्सीच्या बाबतीत दुसरी पलटी २०१९मध्ये झाली. १९८५च्या डिसेंबरात आलेली गाडी सुरक्षेच्या आणि धुराच्या नव्या नियमांपुढे टिकणार नव्हती, मारुतीने ती बंद केली. त्यानंतर जिप्सी हीच मुळात मर्यादित वस्तू झाली. घेणारे मात्र कमी झाले नाहीत. ताडोब्याला, पेंचला सफारीवाल्यांना जिप्सीच हवी. ऑफरोडवाल्यांना हलकी चासी, ॲक्सल आणि ट्रान्सफर केस (ताकद चारही चाकांना वाटणारी पेटी) हवा, मग वरचा पत्रा कापून ते चौतीस इंची टायर घालतात. गोव्यातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज ह्या ऑफरोड स्पर्धेत विंचवर (गाडी ओढायच्या दोराच्या चरकावर) लटकणाऱ्या जिप्स्या बघितल्या असतील, त्यातली प्रत्येक गाडी बाजारातून कायमची गेलेली मूळ जिप्सी आहे. तिसरा वर्ग माझ्यासारखा: लहानपणी नाशिकला रॅली ऑफ महाराष्ट्र बघायला धुळीत उभे राहिलेले, रॅली चालक हरी सिंगच्या जिप्सीच्या गोष्टी ऐकलेले, आता हातात थोडे पैसे आलेले. २०२३च्या जूनमध्ये मारुतीचीच पाच दरवाज्यांची जिमनी आली तेव्हा जुन्या जिप्सीचे भाव बसतील असं बरेच जण म्हणत होते. तेव्हा पावणेतेरा लाखांपासून सुरू होणारी गाडी बघून उलट जुन्याच्या मालकांनी मान ताठ केली, असं मला तरी शोधाशोध करताना दिसलं.

ह्या सगळ्यात गंमत अशी की रॅलीच्या गाडीवर केलेल्या खर्चाला भाव नाही. पहिल्या मालकाची बिलं मला दुसऱ्याकडून मिळाली. केज, शॉकअप, सीट, गार्ड, मजुरी ह्यांची बेरीजच मी दिलेल्या पैशांच्या पुढे जाते, गाडीची किंमत वेगळीच. आणि त्यातलं स्पर्धेसाठी आज काय चालतं? बकेट सीटच्या पाठीवर एफआयएचं (मोटारस्पोर्टची जागतिक संघटना) स्टिकर आहे, त्या प्रकारच्या सीटची मुदत पाच वर्षांची. हार्नेसच्या, म्हणजे शर्यतीच्या सीटबेल्टच्या पट्ट्याच्या टोकाला शिवलेल्या लेबलवर मुदतीचं साल २०१२ लिहिलंय. पट्टा अजून चांगला घट्ट आहे, बकल टकटकीत आहे, पण स्क्रुटिनीत, म्हणजे स्पर्धेआधीच्या गाडीतपासणीत कोणी हातही लावणार नाही. म्हणजे स्पर्धक ही गाडी घेईल तर सुरक्षेचं सामान शून्य धरून घेईल. विकणारा मात्र ते यादीत पहिलं सांगतो.

मग मी पैसे कशाचे दिले? कागद आणि सांगाडा, एवढ्याचेच. कागद म्हणजे आरसीवरचा इंजिन नंबर आणि इंजिनावरचा नंबर एकच आहे. ही फार मोठी गोष्ट आहे. जिप्सीत बलेनोचं १.६ लिटरचं इंजिन बसवणं ही ह्या वर्तुळात जुनी चाल. गाडी बंदुकीच्या गोळीसारखी पळते, पण आरसीवर बदलाची नोंद नसेल तर विकताना, इन्शुरन्स काढताना, पुनर्नोंदणीला सगळीकडे तोंड लपवावं लागतं. मी घ्यायच्या आधी बघितलेली एक गाडी अशीच होती. माझ्या गाडीपेक्षा वेगवान, रंग ताजा, आणि मालक नंबरांचा विषय काढला की चहा मागवायचा. ती सोडली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केल्यापासून तर असल्या गाड्यांचा भाव ऑफरोडवाल्यांपुरताच उरलाय, कारण ते ट्रेलरवर टाकून नेतात.

दिल्लीच्या गाड्यांचाही मोह झाला होता. तिकडे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधन आल्यापासून एनओसीसकट स्वस्तात सुटतात. पण एनओसी, इकडचा रोड टॅक्स, पुन्हा नोंदणी, एजंटच्या फेऱ्या हे धरलं की स्वस्ताई संपते. माझ्या गाडीचं पंधरा वर्षांनंतरचं पासिंग २०२२मध्ये आधीच्या मालकाने करून घेतलंय, पुढचं २०२७ला. तेव्हा वीस वर्षं पूर्ण झालेली असतील, आणि वीस वर्षांवरच्या चारचाकीची पुनर्नोंदणी फी २०२५मध्ये दहा हजार झाली. वर पर्यावरण कर. फीपेक्षा मला चिंता आहे ती केजकडे बघून इन्स्पेक्टर काय म्हणतो ह्याची. मागची बाकडी एका ओळखीच्या सफारीवाल्याकडून मिळवून ठेवली आहेत.

इन्शुरन्सचा किस्सा वेगळा. पाच वर्षांच्या पुढच्या गाडीचा आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) कंपनी आणि मालक मिळून ठरवतात, असं नियम म्हणतो. प्रत्यक्षात समोरच्याने स्क्रीनवर जो आकडा दाखवला तो माझ्या खरेदीच्या निम्माही नव्हता. बिलं दाखवली, फोटो दाखवले, त्याने शांतपणे विचारलं, "सर, गाडी जुनीच आहे ना?" आणि साध्या पॉलिसीत शर्यत, वेगाची चाचणी असला वापर बसतच नाही, त्यामुळे ऑटोक्रॉसला उतरायचं तर आपल्या जबाबदारीवर. बाजारात साडेचार, पॉलिसीत दोनच्या आत आणि भंगारात वजनावर: एकाच गाडीचे एकाच दिवशीचे हे तीन भाव.

सांगाड्याबद्दल. आजकाल स्टिकर लावून, दिवे ठोकून "एक्स रॅली" म्हणून विकायला काढलेल्या गाड्या बऱ्याच आहेत. केज बघितला की निम्मा निकाल लागतो. एफआयएच्या नियमाने मुख्य कमानीला ४५ मिलिमीटर व्यासाची, अडीच मिलिमीटर जाडीची विनाजोड नळी लागते. पाण्याचा पाइप वाकवून रंग दिलेले केज मी दोन ठिकाणी बघितले, वळणावर नळी चपटी झालेली असते आणि पाय नुसत्या फ्लोअरच्या पत्र्यावर बोल्टने उभे. उलटली तर हा केज वाचवणार नाही, भोसकेल. खऱ्या गाडीत पायाखाली जाड प्लेट वेल्ड केलेली सापडते.

माझ्या मिस्त्रींनी मात्र केजकडे बघितलंच नाही. वय सत्तरच्या आसपास, पूर्वी सर्व्हिस पार्कात, म्हणजे रॅलीत गाड्या दुरुस्त करायच्या तळावर रात्र रात्र काढलेला माणूस. टॉर्च घेऊन थेट बोनेटखाली वाकले आणि म्हणाले, "दादा, हे बघा, बोल्टाच्या डोक्याला भोक." सिलिंडर हेडच्या कव्हरजवळच्या दोन बोल्टांच्या डोक्यांतून आरपार बारीक छिद्रं होती. स्क्रुटिनीत त्यातून तार ओवून सील मारतात, म्हणजे मधल्या काळात इंजिन उघडता येत नाही. रस्त्यावर दिखाव्यासाठी सजवलेल्या गाडीच्या बोल्टाला भोक पाडायचं कोणाला सुचत नाही. तिथून ते दरवाज्याकडे आले. उन्हाने रंग विटलाय, पण जिथे स्पर्धेच्या नंबराचा चौकोन चिकटवलेला होता तिथे पांढरा अजून दुधासारखा आहे. तिरपं बघितलं तर आकड्यांच्या कडाही दिसतात. मी तो रंग अजून बदललेला नाही, आणि बदलणारही नाही. पेंटर दोनदा विचारून गेला.

खर्च म्हणाल तर पुढचे दोन्ही नकल (पुढचं चाक जिथे वळतं तो सांधा) बेअरिंग-सीलसह उघडावे लागले, एक पाटा तुटला, क्लच प्लेट गेली, ब्रेकचे पाइप सगळे नवीन टाकले. सुटे भाग मिळतात. मारुतीच्या काउंटरवर बरंच काही, उरलेलं कुर्ल्याला किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटला. अडचण रॅलीच्या शॉकअपची आहे. एकाचं सील गळायला लागलं तर ते उघडून भरणारा माणूस नाशकात नाही. पुण्यातल्या एका वर्कशॉपने तो ठेवून घेतला, तारखा देत राहिले आणि शेवटी न उघडताच परत दिला. नंतर कोइमतूरला कुरिअरने पाठवून झाला. ह्या गावाचं मोटारस्पोर्टमधलं नाव का आहे ते तेव्हा कळलं.

मधे एकाने माझ्याकडे फक्त चार शॉकअप आणि ट्रान्सफर केस मागितला. जो आकडा बोलला तो गाडीच्या किमतीच्या जवळजवळ अर्धा होता. सुटी करून विकली तर ही गाडी आजही अखंड गाडीपेक्षा जास्त देईल, आणि म्हणूनच अखंड रॅली जिप्स्या कमी होत चालल्यात. जितक्या कमी होतील तितका उरलेल्यांचा भाव चढेल, असं माझं गणित आहे. ते चुकूही शकतं, कारण पेट्रोलच्या जुन्या गाड्यांबद्दल उद्या महाराष्ट्रात काय नियम येईल त्यावर सगळं लटकलेलं आहे.

कोणी घ्यायला निघाला असेल तर रोजची गाडी वेगळी असू द्या, नंबर जुळवा, गाडीबरोबर जो काही कागद मिळेल तो, फाटकं निकालपत्रकसुद्धा, मागून घ्या. मला बिलं मिळाली, स्क्रुटिनीचा एक कागद मिळाला, पण गाडी स्टेजवर (रॅलीतला वेळ मोजला जाणारा टप्पा) पळतानाचा एकही फोटो मिळालेला नाही. पांढरी सॉफ्ट टॉप जिप्सी, बोनेटवर काळा पट्टा, उजव्या मडगार्डला चिरलेला रबरी फ्लॅप. २००८ ते २०११ ह्या काळात नाशिकच्या आसपासच्या स्टेजवर कोणी फोटो काढले असतील तर कपाटातला जुना हार्डडिस्क एकदा बघा. मूळ प्रतीसाठी पैसे द्यायची तयारी आहे, आणि घासाघीस करणार नाही.