१९८१ ची दोन पुस्तकं, पाच महिने आणि एक कुलूप

शनिवारी संध्याकाळी पावणेसात. चहा उकळतोय, चौघं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला येऊन बसलेत (टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि फासे टाकत साहस करायचं, असा खेळ) आणि माझ्या लॅपटॉपवर, जिथे सगळी पात्रं ठेवलीत त्या साइटची लाल पट्टी: वर्गणी जमा झालेली नाही. डॉलरमधली आपोआप होणारी वजावट बँकेने अडवली होती. परिणाम असा की फुकट खात्यात बसतील तेवढीच पात्रं उघडी आणि बाकीच्यांना टाळं. दोन वर्षं खेळवलेली माझीच पात्रं, आणि मलाच बघायला बंदी! मेल टाकला. चौथ्या दिवशी गैरसोयीबद्दल दिलगिरी आली आणि सोबत त्याच पानाची लिंक, जिथून मी तक्रार केली होती. कंपनीचं नाव घेत नाही, पण त्या दिवशी ठरवलं की ज्या खेळाला आता कुणीच सांभाळत नाही तो खेळायचा. निदान तो बंद पडायची भीती नाही.

म्हणून बी/एक्स, म्हणजे याच खेळाची जुनी आवृत्ती: 'बेसिक' आणि 'एक्स्पर्ट' अशी दोन नियमपुस्तकं. मोल्डवेचं बेसिक, कुक-मार्शचं एक्स्पर्ट, दोन्ही १९८१ ची, दोन्ही ६४ पानी. दोन पीडीएफ मिळून एका पिझ्झापेक्षा स्वस्त पडल्या आणि अप्पा बळवंत चौकात पाठपोट झेरॉक्स काढून घेतली. तिथला मुलगा गठ्ठा चाळत म्हणाला, "दादा, नंबर परत एकपासून सुरू झालेत, मिस्टेक आहे." मिस्टेक नव्हे रे बाबा! एका पुस्तकाच्या पानांवर बी१, बी२ आणि दुसऱ्याच्या पानांवर एक्स१, एक्स२ असे आकडे आहेत, कारण दोन्ही पुस्तकं सुटी करून एकाच फाइलला लावावीत अशी मूळ योजना होती. मी तसंच केलं. पंचिंग मशीन घरचं, फाइल ऑफिसच्या जुन्या सामानातली. पाच महिन्यांत एक पान फाटलं, ते परत काढायला दोन रुपये लागले. माझ्या मते याला म्हणतात आफ्टर सेल्स सर्व्हिस.

एक्स्पर्टमध्ये एक गंमत आहे. पुस्तक पात्रांच्या १४ व्या लेव्हलला थांबतं आणि सांगतं की पुढे ३६ पर्यंत नेणारी पुरवणी येणार आहे. ती या आवृत्तीसाठी कधी आलीच नाही. १९८४ मध्ये 'कंपॅनियन' निघालं, पण ते मेंट्झर या लेखकाने नव्याने बांधलेल्या आवृत्तीचं. म्हणजे हे पुस्तक ४० वर्षांहून जास्त काळ एका न आलेल्या भावंडाची वाट बघतंय. आमचं काय अडलं? काही नाही. १८ बैठकींनंतर आमच्यातला एकही जण दुसऱ्या लेव्हलच्या वर गेलेला नाही.

आता कुलूप. सगळा परीक्षणलेख यावरच लिहिला असता तरी चाललं असतं.

आमच्यातल्या मंजिरीचं पात्र म्हणजे पहिल्या लेव्हलचा चोर. उभ्या भिंतीवर चढायची शक्यता ८७ टक्के, कुलूप उघडायची १५. मंजिरी तक्ता वाचून म्हणाली, "हा चोर नाहीये, पाल आहे." दुसऱ्याच बैठकीत एक लोखंडी दार लागलं. तिने दहाबाजूचे दोन फासे टाकले: हवे होते १५ किंवा कमी, पडले ७४. झालं. नियम असा की एका कुलपावर एकदाच प्रयत्न. फसला तर पुढची लेव्हल येईपर्यंत त्या कुलपाकडे बघायचंही नाही. कुलूप उघडणारा नॉकचा मंत्र आमच्या जादूगाराला मिळायचा तर ५००० अनुभवगुण हवेत. तोवर बिचारा जगला पाहिजे.

यावर आमच्यात जे भांडण झालं ते पाऊण तास चाललं. मंजिरी म्हणाली, कुठला चोर एकदा तार घालून घरी जातो? हवं तर दर प्रयत्नाला एक टर्न जाऊ दे, मशाल जळू दे. (मशाल सहा टर्न टिकते, म्हणजे एक तास, आणि दर दोन टर्नला भटक्या राक्षसासाठी फासा.) खरं सांगायचं तर तिची सूचना पुस्तकापेक्षा बरी होती. पण मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, अडून बसलो. मग तिने मोबाइल काढला, "थांब, अधिकृत उत्तर काय आहे ते बघू." आणि इथे सगळे गप्प. कारण विचारणार कुणाला? मूळ प्रकाशक टीएसआर कंपनी १९९७ मध्ये विकली गेली. विकत घेणाऱ्या विझर्ड्स कंपनीने त्यानंतर आवृत्त्यांवर आवृत्त्या काढल्या. त्यांच्या दारात १९८१ च्या कुलपाची तक्रार कोण ऐकणार?

आमचे अण्णा ६१ वर्षांचे, खेळात धर्मगुरू, एरवी मेंढीकोटचे बादशहा. ते म्हणाले, "आमच्याकडे बंद हुकूम खेळतात, हिच्या माहेरी कट हुकूम. तीस वर्षं भांडतोय. मेंढीकोटचा प्रकाशक कोण आहे रे?"

झालं, मला माझा मुद्दा मिळाला. चार माणसं, एक फाइल आणि फासे. प्रकाशक हवाच कशाला? उलट त्याचा उपद्रवच जास्त. २००९ च्या एप्रिलमध्ये याच विझर्ड्सने आपल्या सगळ्या पीडीएफ एका झटक्यात विक्रीतून काढून घेतल्या होत्या, जुन्यांसकट. दुकान परत उघडलं ते २०१३ मध्ये. मधल्या काळात ज्याच्या कपाटात कागद होता तो खेळत राहिला.

इथपर्यंतचं मी तिसऱ्या महिन्यात लिहून ठेवलं होतं. आता त्यातलं थोडं मागे घ्यावं लागतंय.

पहिली गोष्ट, फाइल लावली तरी खेळताना नियम सापडत नाही. मंत्र थोडे इकडे, थोडे तिकडे. हल्ल्याच्या तक्त्यासाठी मी दर वेळी बी आणि एक्स उलटेपालटे करतोय आणि अण्णा तोवर दाण्याचे लाडू संपवतायत. शेवटी गॅव्हिन नॉर्मनच्या ओल्ड-स्कूल एसेन्शियल्सचे फुकट बेसिक रूल्स उतरवले. नियम तेच, मांडणी अशी की बोट ठेवलं तिथे उत्तर. म्हणजे सांभाळ चालूच होता, फक्त मूळ मालकाने केला नव्हता. आणि हे नॉर्मनला करता आलं ते विझर्ड्सच्या २००० सालच्या ओपन गेम लायसन्समुळे, म्हणजे इतरांनाही नियम वापरू देणाऱ्या परवान्यामुळे. एसेन्शियल्सच्या आधी जुन्या नियमांचे असेच नवे अवतार, २००६ मध्ये ऑस्रिक, २००७ मध्ये लॅबिरिन्थ लॉर्ड, सगळे त्याच दारातून आले. २०२३ च्या जानेवारीत ते दार लावून घ्यायचा विझर्ड्सचा बेत फुटला, केवढी बोंब झाली आठवत असेल. महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचा नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये, म्हणजे कुणालाही वापरता येईल अशा परवान्याखाली, टाकून मोकळी झाली.

उलट चौथी आवृत्ती बघा. २००८ मध्ये आली तेव्हा परवाना आवळलेला, आणि २०१० पासून पात्र बनवायचं काम सिल्व्हरलाइट या ब्राउझरच्या जोडणीवर चालणाऱ्या ऑनलाइन साधनावर. पुस्तकांवर दुरुस्त्या इतक्या निघाल्या की छापील पान आणि चालू नियम यांचं जमेना. २०२० उजाडताना ती साधनं बंद झाली. माझ्याकडे त्याची तीन जाडजूड पुस्तकं आहेत, पूर्ण किंमत देऊन घेतलेली. लढाई त्यात झकास होते, अजूनही मानतो. पण नव्या माणसाला बसवून हाताने पात्र लिहायचं म्हटलं की संध्याकाळ जाते. बी/एक्समध्ये अण्णांचं पात्र चहा गाळेपर्यंत तयार झालं होतं.

दुसरी गोष्ट जास्त टोचली. पाचवा खेळाडू म्हणजे माझा भाचा. तो आला कारण त्याने नव्या आवृत्तीचे व्हिडिओ पाहिले होते. बी/एक्स पाहून कुणी आलेलं नाही, येणारही नाही. मी ज्या कंपनीला पाच महिने शिव्या घालतोय तिच्या जाहिरातीवर माझं टेबल भरलं. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "मामा, यात एल्फ हा क्लास, म्हणजे चोर-जादूगारासारखा पेशा आहे? वंश नाही?" आणि तासाभरात त्याचा एल्फ मेला. पुढच्या आठवड्यात तो स्वतःचे फासे घेऊन आला, तेव्हा जीव भांड्यात पडला.

घ्यायचं असेल तर: पीडीएफ घ्या, झेरॉक्स काढा, बाइंडिंग करू नका, फाइलच. नियम शोधायला एसेन्शियल्सचं फुकट पुस्तक मोबाइलवर ठेवा. फासे मात्र बरे घ्या. मूळ खेळ डब्यात यायचा, त्यात फाशांवरचे आकडे रंगवायला मेणाचा खडू द्यायचे म्हणे. मीही हौसेने स्वस्तातले कोरे आकड्यांचे घेतले आणि भाच्याच्या खडूने रंगवले. चार बैठकींत रंग गेला आणि आता वीसबाजूच्यावर ६ की ९ यावरून वेगळं भांडण.

आणि हो, ते दार. चौदाव्या बैठकीत मंजिरीचे १२०० अनुभवगुण पूर्ण झाले, दुसरी लेव्हल, २० टक्के. सगळी मोहीम गुंडाळून दोन मशाली जाळत आम्ही परत तिथे गेलो. तिने फासे टाकले: ६१. कुणी काही बोललं नाही. तिसरी लेव्हल २४०० ला, तेव्हा २५ टक्के. सध्या तिचे १९१० झालेत. दाराच्या मागे काय आहे हे मी अजून ठरवलेलंच नाही, पण हे तिला सांगू नका.