शील्डेड मोटर केबल: पैसे वसूल, पण जाळी नीट बांधली तरच

सांगलीत आमचं हळद दळायचं युनिट आहे, मशिनरी मी बघते. मागच्या पावसाळ्यात १५ एचपीच्या पल्व्हरायझरला, म्हणजे दळणयंत्राला, व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) बसवला आणि शेजारचा वजनकाटा नाचायला लागला. ५० किलोच्या पोत्यामागे आकडा ३०० ग्रॅम इकडेतिकडे. पल्व्हरायझर बंद केला की काटा गप्प. मी लोड सेल, म्हणजे काट्यातला वजन टिपणारा सेन्सर, दोनदा बदलला, ते पैसे वाया गेले. पूर्ण भाराला लोड सेलचा सिग्नल जेमतेम २० मिलिव्होल्ट. ड्राइव्ह मात्र मोटरकडे सेकंदाला हजारो वेळा सहाशेच्या आसपास व्होल्टचे झटके पाठवतो. आणि दोन्ही केबल एकाच ट्रेमधून गेलेल्या, म्हणजे झटक्यांचा गोंगाट काट्याच्या सिग्नलमध्ये शिरणारच!

मग हा गोंगाट आतच अडवणारी शील्डेड केबल, कथिल चढवलेल्या तांब्याच्या जाळीची, ४ कोअर (आत चार तारा) ६ चौरस मिमीची, ३५ मीटर घेतली. साध्या केबलच्या जवळजवळ दुप्पट भाव. कापून बघितली, जाळी दाट आहे, खाली फॉइलही आहे. मात्र भलतीच ताठ, मोटरच्या टर्मिनल बॉक्सपाशी वळवताना वायरमनकाका घामाघूम झाले.

ओढली तरी काटा निम्माच शांत झाला. मला रडूच येणार होतं. काकांनी नेहमीच्या सवयीने जाळी पिळून तिची शेपटी केली होती आणि अर्थिंगच्या बोल्टला बांधली होती. एरवी ते चालतं, पण एवढ्या वरच्या फ्रिक्वेन्सीला ती शेपटीच अडथळा होते. जाळीला गोल, चहूबाजूंनी धातूचा स्पर्श लागतो. म्हणून पितळी ईएमसी ग्लँड (केबल आत शिरते तिथे जाळीला चहूबाजूंनी पकडणारी धातूची कडी) आणले, पॅनेलच्या प्लेटचा रंग भोकाभोवती पत्रा दिसेपर्यंत खरवडला. जाळी मोटरकडे आणि ड्राइव्हकडे, दोन्ही टोकांना जोडली. काट्याची वायर वेगळ्या पाइपातून, फूटभर लांबून नेली. एके ठिकाणी ओलांडावीच लागली, तिथे काटकोनात.

त्या दिवसापासून पल्व्हरायझर पूर्ण वेगात असतानाही काटा २० ग्रॅमच्या एका घराबाहेर जात नाही. पोतं भरताना माणूस आता आकड्याकडे बघत ताटकळत नाही.

केबलला माझे पूर्ण गुण. तक्रार विकणाऱ्याबद्दल आहे: एवढी महागडी केबल देऊन सोबत नायलॉनचे ग्लँड दिले, आणि त्यांत जाळीला टेकायला धातूच नसतो. पितळी ग्लँड आधीच मागून घ्या, केबलचा बाहेरचा व्यास मोजून. चाळणीच्या मोटरसाठी पुढच्या आठवड्यात हीच केबल २८ मीटर मागवतेय.